चिमणीतले तेल आणि कार्बनाची साखळी

मी मूळचा खैरलांजीचा. मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ हे गाव आहे. भंडारा जिल्ह्यातही याच नावाचे एक गाव आहे, ते वेगळे. आमच्याकडे घरात मराठी आणि पोवारी, बाजारात हिंदी. आता नोकरीच्या गावी वर्गात मराठी आणि बसथांब्यावर कन्नड. एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर येऊन बसलेल्या माणसाने दोन भाषांच्या या नियतकालिकात काय लिहावे, असा विचार करीत असताना मला आमच्या घरातली रॉकेलची चिमणी आठवली. मला रसायनशास्त्राकडे वळवले ते तिनेच.

गोष्ट १९७५ नंतरची, माझ्या शाळकरी वयातली. गावात वीज होती, पण ती असण्यापेक्षा नसण्याचीच आम्हाला सवय. काका आपल्या मोटारसायकलसाठी वारासिवनीहून डब्यात पेट्रोल आणून ठेवीत. एकदा तळाशी थोडे पेट्रोल शिल्लक असलेल्या त्याच डब्यात घरातल्या कोणीतरी रेशनचे रॉकेल भरून आणले. पौषातली थंड संध्याकाळ होती. काकूंनी रोजच्याप्रमाणे चिमणीत तेल ओतले, वात वर काढली आणि काडी ओढली. काडी वातीला टेकायच्या आधीच भपकन जाळ उठला. चिमणी हातातून निसटली, सांडलेले तेल पेटले. आजोबांनी ओले पोते टाकून आग विझवली. पण काकूंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तो भरून यायला उन्हाळा उजाडला.

दोष द्यायचा तर कोणाला? डबा भरणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि ओतणाऱ्या काकूंना तर डब्यात पेट्रोल असल्याचीच कल्पना नव्हती. हाताला खोबरेल लावता लावता काकूंनी मला विचारले होते, "दोन्ही तेलच ना रे बाबू? मग एक गुमान जळते अन् दुसरे अंगावर येते, असं काहून?" आमच्याकडच्या बोलीत 'काहून' म्हणजे 'का'. घरात कोणालाच उत्तर देता आले नाही. पुढे पदवीच्या वर्गात ते मला मिळाले. कार्बनाची साखळी किती लांब आहे आणि जळताना तिला हवा किती मिळते, या दोन गोष्टी कळल्या की इंधनांचे बहुतेक वागणे उलगडते. तेच येथे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो.

कार्बनाचे चार हात

हायड्रोकार्बन म्हणजे केवळ हायड्रोजन आणि कार्बन या दोन मूलद्रव्यांचे संयुग. व्याख्या एवढीच, परंतु या दोन अक्षरांतून निसर्गाने फार मोठा ग्रंथ लिहिला आहे. याचे कारण कार्बनाच्या स्वभावात आहे. कार्बनाची संयुजा चार. त्याला चार हात आहेत असे समजा. हायड्रोजनाला एकच हात. कार्बनाचे चारही हात चार हायड्रोजनांनी धरले की मिथेन तयार होतो. हा सर्वांत साधा हायड्रोकार्बन. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून वर येणारे बुडबुडे गोळा करून त्याचा अभ्यास केला होता. आपल्या गोबर गॅसमध्ये जळतो तो हाच.

कार्बनाचा दुसरा गुण असा की तो दुसऱ्या कार्बनाचाही हात घट्ट धरू शकतो, आणि तो दुसरा तिसऱ्याचा. अशी साखळी कितीही लांबविता येते. दोन कार्बनांचा इथेन, तीनांचा प्रोपेन, चारांचा ब्युटेन, पाचांचा पेंटेन, आठांचा ऑक्टेन. या कुटुंबाला अल्केन म्हणतात. यातील हायड्रोजनांची संख्या पाठ करावी लागत नाही. कार्बनांची संख्या दुप्पट करून तीत दोन मिळवा, की झाले. ऑक्टेनमध्ये आठ दुणे सोळा आणि दोन, म्हणजे अठरा हायड्रोजन.

साखळी सरळच असली पाहिजे असे नाही. तिला फांद्या फुटू शकतात. ब्युटेनची रचना दोन प्रकारे करता येते, पेंटेनची तीन, हेक्झेनची पाच, ऑक्टेनची अठरा आणि दहा कार्बनांच्या डेकेनची पंचाहत्तर प्रकारे. अणू तेच आणि तेवढेच, परंतु मांडणी निराळी. यालाच समघटकता म्हणतात. परीक्षेपुरती वाटणारी ही गोष्ट मोटारीच्या इंजिनात केवढी मोलाची ठरते, ते पुढे येईलच.

कधी दोन कार्बन एकमेकांचे दोन किंवा तीन हात धरतात. दुहेरी बंधाचे उदाहरण एथिलीन. फळे पिकताना ती स्वतःच हा वायू सोडतात. तिहेरी बंधाचे उदाहरण ॲसिटिलीन. वेल्डिंगच्या दुकानातली डोळे दिपविणारी ज्योत याचीच. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की हा वायू निघतो. जुन्या काळी बाजारातल्या हातगाड्यांवर कार्बाइडचे दिवे असत, ते यावरच जळत. ज्यांत असे दुहेरी-तिहेरी बंध आहेत ते असंतृप्त हायड्रोकार्बन, आणि नाहीत ते संतृप्त. कार्बनांचे वलय असलेले बेंझीन फॅरडेने १८२५ साली शोधले आणि त्याची वलयाकार रचना केकुले याने १८६५ साली मांडली. परंतु आपला विषय इंधनांचा आहे, म्हणून अल्केनांकडेच परत येऊ.

साखळीची लांबी

अल्केनचे रेणू एकमेकांना फार क्षीण बळाने ओढतात. पाण्याच्या रेणूंमध्ये असतो तसा हायड्रोजन-बंध त्यांच्यात नसतो. पण रेणू जितका लांब, तितका त्याचा शेजाऱ्याशी स्पर्श अधिक, आणि तितकी ही ओढ अधिक. दोन आखूड दोऱ्या सहज सुट्या होतात. लांब दोऱ्यांचा गुंता सोडवताना वेळ लागतो, तसेच हे आहे. म्हणून साखळी वाढली की उत्कलनबिंदूही वाढत जातो. काही आकडे पाहा:

मिथेन (एक कार्बन): उणे १६२ अंश सेल्सिअस
प्रोपेन (तीन): उणे ४२ अंश
ब्युटेन (चार): सुमारे शून्य अंश
पेंटेन (पाच): ३६ अंश
ऑक्टेन (आठ): १२६ अंश
डेकेन (दहा): १७४ अंश
हेक्झाडेकेन (सोळा): २८७ अंश

या छोट्या तक्त्यात आपल्या घरातली सगळी इंधने बसली आहेत. एक ते चार कार्बनांचे पदार्थ आपल्या हवामानात वायुरूप असतात. त्यातील तीन-चार कार्बनांचे वायू थोड्या दाबाने द्रव होतात; तेच सिलिंडरमध्ये भरतात. पाचापासून पुढे द्रव लागतात. पेट्रोलमध्ये साधारणतः चार-पाच ते बारा, रॉकेलमध्ये दहा ते सोळा आणि डिझेलमध्ये त्याहून थोड्या अधिक कार्बनांच्या साखळ्या असतात. वीस-पंचवीसच्या पुढे गेलो की मेण हाती येते, आणि अगदी तळाशी रस्त्यावरचे डांबर. मेणबत्ती, मोटार, चूल आणि सडक ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत.

खडकातले तेल

ज्या तेलाने काकूंचा दिवा जळत होता त्याची नावे मोठी गमतीची आहेत. मराठीत आपण त्याला रॉकेल म्हणतो. हा 'रॉक ऑइल'चा अपभ्रंश, म्हणजे खडकातले तेल. 'पेट्रोलियम' या लॅटिन शब्दाचा अर्थही नेमका तोच. घासलेट हे दुसरे नाव 'गॅसलाइट'वरून आले असे म्हणतात. खैरलांजीकडे हिंदीच्या शेजारामुळे ते मातीचे तेल झाले. आणि येथे माझे कन्नड विद्यार्थी त्याला 'सीमेएण्णे' म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, सीमाभागात मिळते म्हणून हे नाव असावे! मग एका विद्यार्थ्याने सांगितले की कन्नडमध्ये 'सीमे' म्हणजे मुलूख, आणि परमुलखातून आलेल्या वस्तूंना हा शब्द जोडतात. खडूलाही ते 'सीमेसुण्ण' म्हणतात. म्हणजे एका भाषेने तेल कोठून निघते ते सांगितले, दुसरीने ते कोठून आले ते सांगितले.

मातीखाली तेलाचे तळे भरलेले असते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील सूक्ष्म जीव मरून तळच्या गाळात गाडले गेले. वरच्या थरांच्या दाबाने आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने त्यांच्या अवशेषांचे हायड्रोकार्बन झाले आणि ते सच्छिद्र खडकांत, स्पंजात पाणी राहावे तसे साठून राहिले. आमच्या बालाघाट जिल्ह्यात भरवेलीला मँगनीज निघते, मलाजखंडला तांबे निघते. तेल मात्र नाही. आपल्या देशात ते प्रथम आसामात दिग्बोईला लागले आणि तेथे १९०१ साली शुद्धीकरण कारखानाही निघाला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोन्याचा दिवस उजाडला तो फेब्रुवारी १९७४ मध्ये. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या तरंगत्या मनोऱ्याने केलेल्या खोदकामात 'बॉम्बे हाय'चे तेल लागले. ते चुनखडीच्या थरांत होते. मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. आम्ही शाळेत असताना त्या मनोऱ्याचे चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले होते, हे मला आजही आठवते.

जमिनीतून निघते ते कच्चे तेल काळसर, दाट आणि शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. ते तसेच दिव्यात घालून चालत नाही. मुंबईत माहुल भागात १९५४ आणि १९५५ साली दोन शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पूर्वी ते विदेशी कंपन्यांचे होते. १९७४ आणि १९७६ मध्ये ते सरकारी मालकीचे झाले. तेथील उंच मनोऱ्यात चालते ते प्रभाजी ऊर्ध्वपातन. कच्चे तेल सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवून मनोऱ्याच्या खालच्या भागात सोडतात. मनोरा खाली तप्त आणि वर थंड असतो. वाफा वर चढू लागतात. लांब साखळ्या लवकर दमतात आणि खालच्या मजल्यांवरच द्रव होऊन थांबतात. आखूड साखळ्या वरपर्यंत जातात. शेंड्याला वायू, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल आणि तळाशी जड अवशेष. येथे नवीन काही निर्माण होत नाही. साखळ्यांची केवळ लांबीनुसार निवड होते. चाळणीने दाणे निवडावेत, तसे उष्णतेने रेणू निवडले जातात.

जळणे म्हणजे काय

हायड्रोकार्बन जळतो म्हणजे त्यातील कार्बन आणि हायड्रोजन यांचे हवेतील ऑक्सिजनशी नवे नाते जुळते. मिथेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू होतात. जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा नवे बंध जुळताना बाहेर पडते. हा जमाखर्चातला फायदा म्हणजेच आपल्याला मिळणारी उष्णता. १६ ग्रॅम मिथेन पूर्ण जळाला तर सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता मिळते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चमत्कारिक वाटते. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जास्तीचे वजन आले कोठून? ते हवेतून आले. इंधनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आपण हवा जाळत असतो. प्रमाण पाहा: एक घनफळ मिथेनला सुमारे दहा घनफळे हवा लागते, प्रोपेनला चोवीस आणि ब्युटेनला एकतीस. साखळी जितकी लांब, तितकी तिची हवेची भूक मोठी. म्हणूनच गोबर गॅसची शेगडी आणि सिलिंडरची शेगडी यांची छिद्रे सारखी नसतात आणि एकीवर दुसरा वायू नीट जळत नाही.

हवा कमी पडली तर? प्रयोगशाळेतल्या बन्सन बर्नरची हवेची खिडकी बंद करून पाहा. निळी, तीक्ष्ण ज्योत पिवळी आणि मऊ होते. तीत चिनी मातीची थाळी धरली की काजळी बसते. न जळलेले कार्बनाचे कण तापून लाल-पिवळे होतात आणि उजेड देतात. याचा अर्थ असा की चिमणीचा उजेड हा तिच्या अपुऱ्या जळण्याचा उजेड आहे. दिव्याला जे हवे ते चुलीला नको. म्हणून एरंडेलाच्या दिव्यावर तबकडी धरून आपल्या आज्या काजळ पाडीत. पण त्याच ज्योतीवर भांडे ठेवले तर ते काळे होईल आणि पाणी लवकर तापणार नाही. उलट, पंप मारायच्या पितळी स्टोव्हमध्ये तेच रॉकेल तापल्या नळीत आधी वाफ होते, हवेत नीट मिसळते आणि निळ्या ज्योतीने घोंघावत जळते. तेल एकच; फरक हवेच्या मिसळण्याचा.

अपुऱ्या ज्वलनात पैसाही वाया जातो आणि प्राणही धोक्यात येतो. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळून डायऑक्साइड झाला तर सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. तोच अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला तर केवळ १११. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता हातची गेली. आणि हा कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जुळतो. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरनेही असे अपघात होतात. खिडकी उघडी ठेवा, हे सांगणे अंधश्रद्धेचे नाही. त्यामागे रसायनशास्त्र उभे आहे.

लाकडाची तुलनाही येथेच करावी. वाळलेले लाकूड किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी देते, रॉकेल सुमारे ११,०००. कारण लाकडातील सेल्युलोजमध्ये वजनाने जवळजवळ निम्मा ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. ते जणू अर्धे जळूनच आपल्या हाती येते. हायड्रोकार्बनात ऑक्सिजनचा एकही अणू नसतो. त्याची सारी भूक शिल्लक असते.

पेट्रोल आणि डिझेल

इंजिनात मात्र नुसते जळून भागत नाही. वेळेवर जळावे लागते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबून मग ठिणगी देतात. सरळ साखळीचे रेणू अशा वेळी ठिणगीची वाट न पाहता दाबानेच पेट घेतात आणि इंजिन ठकठक वाजू लागते. फांद्या असलेले रेणू अधिक धीराचे. म्हणून सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य आणि फांद्यांच्या आयसोऑक्टेनला शंभर गुण देऊन 'ऑक्टेन क्रमांक' ठरवितात. मघाशी पाहिलेली समघटकता ती ही. हा क्रमांक वाढविण्यासाठी पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. ते धुरावाटे मुलांच्या रक्तात उतरते हे कळल्यावर ते हळूहळू बंद झाले; भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही मिसळतात. आपल्या परिसरातल्या साखर कारखान्यांतून ते येते. इथेनॉल हा हायड्रोकार्बन नाही, कारण त्यात ऑक्सिजन आहे; म्हणून लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच भरते.

डिझेल इंजिनाचा न्याय याच्या नेमका उलटा. तेथे ठिणगीच नाही. नुसती हवा जोराने दाबून तापवितात आणि तीत डिझेलचा फवारा सोडतात. तेथे आपोआप पेटणारी लांब, सरळ साखळीच हवी. एका इंजिनातला दुर्गुण दुसऱ्यात सद्गुण ठरतो.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर

आता काकूंच्या डब्याकडे वळू. द्रव इंधन स्वतः जळत नाही; त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, त्याला प्रज्वलनबिंदू किंवा फ्लॅश पॉइंट म्हणतात. दिव्याच्या रॉकेलचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा, असे भारतीय मानक सांगते. पेट्रोलचा मात्र सुमारे उणे ४० अंश! पौषातल्या थंडीत रॉकेलवर वाफ जवळजवळ नसते. काडीने वात तापते, तेवढ्याच जागी तेलाची वाफ होते, तेवढीच जळते आणि केशाकर्षणाने वातीतून पुन्हा तेल वर येते. म्हणून ते 'गुमान' जळते. पेट्रोलच्या आखूड साखळ्यांना कोणाच्या तापविण्याची गरज नाही. त्या केव्हाच हवेत पसरलेल्या असतात आणि ज्योत दिसताच तिच्याकडे धाव घेतात. रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले तरी सगळ्या मिश्रणाचा प्रज्वलनबिंदू खूप खाली येतो. डबा होता रॉकेलचा, पण त्या संध्याकाळी चिमणीवर वाफ होती ती पेट्रोलची.

वर्गात मी दोन घड्याळकाचांवर ही दोन तेले थेंबभर घेऊन हा फरक दाखवितो. पेट्रोल काडी दुरूनच ओढून घेते. रॉकेलच्या थेंबाजवळ काडी नेली तरी ते लगेच पेटत नाही. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी एकट्याने कधीही करू नये.

या कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याने टाळू नये. पेट्रोल, रॉकेल, डिझेल एकाच कुळातले असल्यामुळे एकमेकांत सहज विरघळतात. भेसळ डोळ्यांना दिसत नाही. गरिबाच्या दिव्यासाठी स्वस्त दिलेले रॉकेल म्हणूनच महाग डिझेलमध्ये जाऊन मिसळे. ते ओळखू यावे म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जाई, पण लोभाने त्यावरही उपाय शोधले. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. त्यांनी भेसळीबद्दल पेट्रोल पंपावर कारवाई केली होती. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या शेजारच्या म्हैसूरला झाले होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळले. एक कर्नाटकात शिकलेला, एक महाराष्ट्रात सेवा करणारा. या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत, असे मला वाटते. प्रयोगशाळेत घनता आणि प्रज्वलनबिंदू मोजणे हे कंटाळवाणे काम वाटते. परंतु कोणीतरी ते प्रामाणिकपणे करतो म्हणून कोणाच्या तरी घरात दिवा गुमान जळतो.

चुलीपासून सिलिंडरपर्यंत

मुंबईत १९५५ साली स्वयंपाकाचा गॅस 'बर्शेन' या नावाने प्रथम घरोघरी पोचू लागला. आमच्या खैरलांजीपर्यंत त्याला यायला कितीतरी वर्षे लागली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर आमच्याकडील अनेक घरांत पहिल्यांदाच १४.२ किलोचे सिलिंडर आले. मात्र पुन्हा भरून आणायला पैसे नसले की तुराट्यांची चूल पेटते आणि धूर पुन्हा डोळ्यांत जातो. रसायनशास्त्र उत्तर देते. ते घरापर्यंत पोचविणे हे दुसऱ्या शास्त्रांचे काम आहे.

गोठा असलेल्या घराला मिथेन घरीच करता येतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून निघालेला वायू १८९७ साली वापरात आणल्याची नोंद आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने पुढे गोबर गॅस खेडोपाडी नेला. त्यात सुमारे ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, आणि उरलेल्या रबडीचे शेताला खतही होते. शेणी जाळली तर खत आणि उष्णता दोन्ही धुरात जातात.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. काकू आता थकल्या आहेत, पण स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी सोडलेला नाही. मी गॅसची गळती कशी ओळखावी ते सुनेला समजावून सांगत होतो. प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. तो वर न जाता फरशीवर साचतो. त्याला स्वतःला वास नसतो. आपल्याला कळावे म्हणून मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम घालतात. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, आधी रेग्युलेटर बंद करावा, मग दारे-खिडक्या उघडाव्यात. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पेट्रोलच्याच जातीचं." मी म्हटले, "हो काकू, साखळी त्याहून आखूड." त्यांनी उजव्या हातावरच्या जुन्या डागावरून बोटे फिरवली, उठून खालची खिडकी उघडली आणि मगच शेगडी पेटवली. ज्योत निळी होती.